सृष्टीचा कारभार की सृष्टीची राखण?

एका वाचकाचा प्रश्न आहे. दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर (हा शेवटचा दिवस असिसीच्या संत फ्रान्सिसच्या फेस्ताचा, म्हणजे सणाचा) चर्चमध्ये सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ पाळतात. त्यासाठीच्या कोकणी पत्रकाचं ते मराठी करत आहेत, गोव्यातल्या डिचोलीकडच्या हिंदू शेजाऱ्यांनाही वाचता यावं म्हणून. अडलं आहे ते 'स्टुअर्डशिप' या शब्दावर, म्हणजे देवाची सृष्टी त्याच्या वतीने सांभाळणं. "कारभारीपण लिहू, विश्वस्तपण लिहू की राखण? राखण लिहिलं तर लोकांना गावचा राखणदार, गाव राखणारा देवचार, आठवेल, ही भीती."

आठवू दे की! पण त्याकडे शेवटी येतो.

'कारभारी' हा शब्द कुळाने अगदी चोख. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस', म्हणजे धन्याचं घर पाहणारा. लूकच्या सोळाव्या अध्यायातला तो लबाड इसम मराठीत 'अन्यायी कारभारी' झाला तो याच वाटेने. त्यातला 'ओइकोस' म्हणजे घर, आणि त्याच घरावरून हेकेलने १८६६ साली 'इकॉलॉजी' हा शब्द बनवला. इतकं सगळं जुळतं, तरी मी तो पत्रकात घालणार नाही. मराठी कानाला कारभारी म्हणजे वरच्याला हिशेब देणारा आणि खालच्याला राबवणारा. जमिनीशी तसंच वागलो, हीच तर तक्रार आहे. लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ साली ती पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेवर उघड ठेवली: बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वी 'सत्तेखाली आणा' असं सांगितलंय, मग निसर्ग ओरबाडला गेला तर नवल काय? तिथला हिब्रू 'काबाश' खरंच दांडगा शब्द आहे, पायाखाली घेऊन ताब्यात आणणं असा.

'विश्वस्त' घातला की देवस्थान समितीची बैठक डोळ्यांपुढे येते. पुढे जाऊ.

खरं उत्तर उत्पत्तीच्याच दुसऱ्या अध्यायात आहे, पंधराव्या ओवीत. (बायबलातल्या वचनाला मी ओवी म्हणतो, सवय आहे.) देव माणसाला एदेन बागेत ठेवतो आणि दोन कामं सांगतो: 'आबाद' आणि 'शामार'. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सत्तेच्या वचनाचा गैरअर्थ खोडून काढला, तो या दोन क्रियापदांवर बोट ठेवूनच. आबाद म्हणजे राबणं. देवाची सेवा करणं यालाही हिब्रूत हेच क्रियापद लागतं. मराठीत त्याला 'मशागत' चपखल बसतो, कारण हा शब्द मुळात अरबी 'मशक्कत', म्हणजे कष्ट. शामार म्हणजे राखणं, जपणं. पुढे भावाला मारून आलेला काइन देवाला उद्धटपणे विचारतो, "मी काय माझ्या भावाची राखण करणारा आहे?" तिथेही धातू तोच. म्हणजे जमीन राखणं आणि भाऊ राखणं हे त्या भाषेत एकाच शब्दात बसतं.

आता 'राखण'च का, 'रक्षण' का नको? मूळ धातू एकच, पण वापरात दोघे वेगळे झाले. रक्षण शत्रूपासून असतं, ते पोलीस करतात, कायदा करतो. राखण मात्र वाढत्या वस्तूची असते: पिकाची, आंब्याची, मासळीची. आणि तिला माणूस तिथे हजर लागतो. 'राखीव' जंगल म्हणजे माणूस बाहेर. राखण म्हणजे माणूस आत, जागा.

चोडणच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतात, हे दिसतं. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारं पाण्याच्या जोरावर आपोआप चालतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, दारं मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं, दारं उघडतात. पाहणाऱ्याला वाटावं, इथे माणसाचं काम काय? पण कुर्ल्या चिखलाच्या बांधाला बिळं पाडतात, बिळातून खारं पाणी झिरपतं, आणि वेळीच चिखल-पेंढा घालून ते बुजवलं नाही तर बांध फुटून शेत खारटतं. ते बीळ दिसतं रोज बांधावरून चालणाऱ्याच्या पायाला. ह्या चालण्याला 'संवर्धन' म्हणून पाहा, कसं कागदी वाटतं!

एक आडवाट. बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव म्हणतो की जमीन माझी, तुम्ही इथे उपरे आणि 'तोशाव'. तोशाव म्हणजे दुसऱ्याच्या जागेत वस्तीला असलेला. गोव्यात याला नेमका शब्द आहे, मुंडकार! भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (बागायतीत) घर करून राहणारा, बहुधा माडांवर नजर ठेवणाराही. अर्थ शंभर टक्के जुळतो. पण १९७५ च्या मुंडकार कायद्यापर्यंत, आणि त्यानंतरही, ज्या घरांनी भाटकाराचे टोमणे खाल्ले त्यांना देव भाटकाराच्या रूपात दाखवायचा? मी नाही दाखवणार. काही शब्द अर्थाने बरोबर आणि माणसांना चुकीचे असतात.

राहिली राखणदाराची भीती. ज्याला आपण सोरो (दारू), रोट (जाड भाकरी), विडी ठेवतो आणि जिथे काही ठिकाणी ख्रिस्ती घरची मेणबत्तीही लागते, तो गाव राखतो अशी श्रद्धा. गोव्यात राशोलला १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात, म्हणजे बायबलकथा मराठी ओव्यांत सांगणाऱ्या काव्यात, इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सनी स्वर्गाला बेधडक 'वैकुंठ' म्हटलं, तिथे आपण राखणीला का बिचकावं? फक्त एक पथ्य पाळा. नाम वापरायचं ते कामाचं, करणाऱ्याचं नाही. 'माणूस सृष्टीचा राखणदार' लिहिलंत तर माणूस घुमटीत जाऊन बसेल आणि सोरो मागेल. 'राखणदारी'त पगाराचा वास येतो, 'राखणपण' तर मराठीच वाटत नाही.

म्हणून मथळ्यात 'सृष्टीची राखण' ठेवा, आणि आत वाक्य असं: 'देवाने माणसाला बागेत मशागतीला आणि राखणीला ठेवलं.' लूकचा दाखला पत्रकात येत असेल तर तिथला कारभारी मात्र कारभारीच राहू दे, तो होताच तसा.