वडिलांना १२ वर्षांपासून शुगर आहे. कपाशीच्या शेतात बाभळीचा काटा भरला, पाय सुजलाय पण दुखत नाही. हळद-तेल लावून दोन दिवस थांबावं का? (चोपडा, जि. जळगाव)

नाही, आजच सर्जनला दाखवा. दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे: जुन्या शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे आत पू झाला तरी कळत नाही. मी ड्रेसिंग रूममध्ये काम करतो. 'दुखतच नव्हतं' हे वाक्य तिथे रोज ऐकतो. जखमेभोवतीची लाली २ सेंमीच्या पुढे गेली की संसर्ग मध्यम धरतात, सोबत ताप, जोराची नाडी अशी किमान दोन लक्षणं असतील तर गंभीर. पुढीलपैकी काही दिसलं तर रात्र असली तरी निघा, जळगाव किंवा धुळ्याचं शासकीय रुग्णालय गाठा:

- कातडी काळी-निळी पडणं, घाण वास
- दाबल्यावर कातडीखाली करकर लागणं
- थंडी वाजणं, गुंगी, शुगर अचानक वाढणं

जखमेवर हळद, चुना काही नको. स्वच्छ पाण्याने धुवून कोरडं फडकं बांधा. काटा घरी सुईने उकरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. मात्र जखम नसताना पाय लाल, गरम, सुजलेला असेल तर तो हाडा-सांध्यांचा आजारही असू शकतो. तेव्हाही पायावर भार न देता दाखवायचंच.