छंदाचा टेबल सॉ, जीएसटीचं बिल आणि सोसायटीची नोटीस

प्रश्न : वकीलताई, मी ऐरोलीला रो-हाउसमध्ये राहतो, नोकरी महापेला. सुतारकामाचा जुना छंद आहे. तळमजल्यावरच्या गॅरेजमध्येच छोटं वर्कशॉप थाटलंय. यंदा जुना टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणारं यंत्र) एक्स्चेंजमध्ये देऊन तीन हॉर्सपॉवरचा नवा, मोठा घेतला. किंमत १,४०,०००, त्यातून जुन्याचे १५,००० वजा. मुंबईच्या विक्रेत्यानेच सुचवलं, म्हणून बिल धाकट्या भावाच्या स्टेशनरीच्या फर्मच्या नावे, जीएसटी नंबर घालून घेतलं. पैसे माझ्या खात्यातून गेले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की पातं फिरताना डगमगतं आणि पात्यामागची पाचर (कापलेल्या फळीच्या दोन बाजू मिटू न देणारी पट्टी) सरळ रेषेत नाही. एकदा प्लायचा तुकडा उडून मागच्या भिंतीवर आदळला. विक्रेता व्हॉट्सॲपवर म्हणतो, ‘जीएसटी बिल म्हणजे कमर्शियल वापर, वॉरंटी नाही.’ गणपतीआधी ओळखीच्यांसाठी दहा-बारा मखरं केली, त्याचे थोडे पैसेही मिळाले. तेव्हा रात्री साडेअकरापर्यंत मशीन चालवलं. त्यावरून शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि सोसायटीची नोटीस आली: ‘आपण राहत्या घरात कारखाना चालवीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत बंद करावा, अन्यथा १०,००० रुपये दंड.’ एक मित्र म्हणतो, ग्राहक आयोगात ‘यावरच माझा उदरनिर्वाह आहे’ असं लिही, म्हणजे केस उभी राहील, आणि सोसायटीला ‘हा फक्त छंद आहे’ असं कळव. असं करू का?

उत्तर : नाही, अजिबात करू नका. पण त्याआधी मशीनचा प्लग काढा आणि हे प्रकरण मिटेपर्यंत त्यावर एकही फळी कापू नका. पाचर पात्याच्या रेषेत नसली की फळी तिच्यावर अडते, तिरकी होते, पात्याच्या मागच्या दातांना लागते आणि उसळून कापणाऱ्याच्याच अंगावर येते. तो तुकडा भिंतीवर आदळला हे तुमचं नशीब. दोष माहीत असून वापर चालू ठेवलात, तर उद्या विक्रेत्याचा वकील ‘नुकसान यांनीच ओढवून घेतलं’ असं म्हणायला मोकळा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८७ प्रमाणे इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर उत्पादनाच्या दायित्वाचा दावा, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेची भरपाई मागणारा दावा, विक्रेत्याविरुद्ध चालत नाही. म्हणून पात्यावरचं गार्ड काढून काम करायची सवय असेल तर तीही सोडा. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून मशीन उघडून घेऊ नका.

आता मित्राच्या सल्ल्याकडे येते. त्याच कायद्याच्या कलम २(७) प्रमाणे व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. त्याला एक अपवाद आहे: स्वतः राबून, स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो ग्राहकच. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हा अपवाद उदाहरणं देऊन समजावला. लेथसारखं यंत्र स्वतः चालवून पोट भरणारा आत, दुसऱ्याच्या हातून चालवून घेणारा बाहेर. तुम्ही यातले नाही. तुम्हाला महिन्याचा पगार आहे, फॉर्म सोळा आहे. ‘यावरच उदरनिर्वाह’ हे वाक्य तुम्हाला तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्रावर लिहावं लागेल, आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

शिवाय त्या खोट्याची तुम्हाला गरजच नाही. घरच्या वापरासाठी, छंदासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतलेली नसतेच, त्यामुळे अपवादापर्यंत जायचं कारण उरत नाही. वर्षातून एकदा ओळखीच्यांना मखरं करून दिली, एवढ्याने गॅरेजचा कारखाना होत नाही. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या निकालात, २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने व्यवहारामागचा प्रमुख हेतू पाहायला सांगितलं. २०२४ मध्ये श्रीराम चिट्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की व्यापारी हेतू होता हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर आहे. तो खटला सेवेचा होता, पण तर्क वस्तूलाही लागू पडतो, आणि हा मुद्दा तुमच्या तक्रारीत आलाच पाहिजे.

मखरांचे पैसे मात्र लपवू नका. तक्रारीतच लिहा की वर्षभर घरासाठी आणि हौसेसाठी काम करतो, गणपतीत ओळखीच्यांना इतकी मखरं दिली, इतके पैसे आले. ती रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रातही दाखवा. सोसायटीची नोटीस आज ना उद्या विक्रेत्याच्या वकिलाच्या हाती लागणार आणि तुमची तक्रार सोसायटीच्या कमिटीला कळणार. मुंबई-ठाण्यात कागद फिरायला वेळ लागत नाही. आयोग, सोसायटी आणि महावितरण (विजेच्या मीटरचं पुढे सांगते) या तिन्ही ठिकाणी तुमची हकीकत अक्षरशः एकच असली पाहिजे. या प्रकरणात तुमची खरी ताकद तीच आहे, आणि मित्राच्या सल्ल्याने नेमकी तीच गेली असती.

तुमची खरी अडचण बिलात आहे. कागदोपत्री टेबल सॉचा खरेदीदार स्टेशनरीची फर्म आहे. कायद्यात खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक धरला जातो, आणि पैसे तुमच्या खात्यातून गेल्याचं बँकेचं विवरण आहे, त्यामुळे दार अगदी बंद नाही. पण भावाने या बिलावर इनपुट क्रेडिट घेतलं असेल, म्हणजे बिलातला जीएसटी फर्मच्या करातून वजा करून घेतला असेल, तर ‘हे मशीन आमच्या धंद्यासाठी आहे’ असं फर्मने सरकारला सांगून ठेवलं आहे. १,४०,००० मध्ये १८ टक्क्यांनी कर सुमारे २१,००० होतो. तेवढ्यासाठी तुम्ही विक्रेत्याच्या हातात त्याचा सगळ्यात भक्कम बचाव दिलात. आणि स्पष्टच सांगते, जे यंत्र फर्मच्या धंद्यात वापरलंच जात नाही त्याचं क्रेडिट घेणं कायद्याला धरून नाही, मग ते विक्रेत्याने सुचवलेलं असो की आणखी कुणी. क्रेडिट घेतलं नसेल तर घेऊ नका. घेतलं असेल तर भावाच्या सीएला आजच फोन करा आणि व्याजासकट उलटवून टाका. मग विक्रेत्याला ईमेल करून तुमच्या नावाचं दुरुस्त बिल मागा. तो देणार नाही, अशीच शक्यता जास्त. तरीही मागा, कारण मागितल्याची नोंद पुढे उपयोगी पडते.

पुरावा घरातच पडलाय, तो नीट गोळा करा. प्लग काढलेला असताना पात्याच्या कडेजवळ डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मोजमापाचं साधन) लावा, पातं हाताने सावकाश एक फेरी फिरवा आणि काटा किती हलतो त्याचा सलग व्हिडिओ घ्या. मग मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याच पद्धतीने दुसरं, नवं पातं बसवून तेच पुन्हा करा. नाही तर विक्रेता म्हणेल, ‘पातं वाकडं होतं, मशीन चांगलं आहे.’ दुसऱ्या पात्यालाही काटा तितकाच हलला तर दोष पातं धरणाऱ्या धुऱ्याकडे आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पाचरीला लोखंडी पट्टी लावून फोटो काढा. सिरियल नंबरची पट्टी, वॉरंटी कार्ड, खोका, व्हॉट्सॲपवरचा तो निरोप, सगळं जपून ठेवा. वस्तूच्या तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मशीन उघडलेलं निघालं तर त्या अहवालाला काय अर्थ राहील?

त्यानंतर विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटतं. नाही मिटलं तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जा. विक्रेता मुंबईचा असला, बिलाच्या तळाशी ‘मुंबई न्यायकक्षेच्या अधीन’ असं छापलेलं असलं, तरी २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. तक्रार ऑनलाइन होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

सोसायटीबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. नोटिशीची भाषा चुकीची आहे, पण शेजाऱ्यांची तक्रार खरी आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र धरली जाते दहापासून सकाळी सहापर्यंत. साडेअकराला टेबल सॉ चालवणं कुठल्याच हिशोबात बसत नाही. पलीकडे कुणाचं तान्हं मूल असेल, कुणी पहिल्या पाळीला जाणारं असेल. आधी स्वतः त्यांच्या दारात जाऊन बोला.

मग सात दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या. त्यात उशिरापर्यंत मशीन चालवल्याबद्दल दिलगिरी हवी, ‘कारखाना’ या शब्दाला स्पष्ट नकार हवा, नोकर कुणी नाही, पाटी नाही, ओंडके फाडले जात नाहीत हे हवं, आणि मखरांची हकीकत आयोगाकडे सांगाल तीच हवी. पुढची हमी तुम्ही स्वतःहून द्या: मशीन ठरलेल्या वेळेतच, समजा सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते सात, चालेल, दुपारच्या झोपेच्या वेळी नाही, भुसा ओढणारं यंत्र लावूनच कापेन, शटर बंद ठेवेन. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भुश्याचा थर बसणं हेही उपद्रवातच मोडतं. कमिटीला प्रत्यक्ष पाहायला बोलवा. नव्या मशीनची इंडक्शन मोटर जुन्या, ब्रशवाल्या मोटरइतकी किंचाळत नाही, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. बदलून मशीन आलं की ते पाहणाऱ्यांना ऐकू द्या.

दंडाचं म्हणाल तर तुमच्या सोसायटीने आदर्श उपविधी (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) स्वीकारले असतील, तर दंडाचं प्रमाण सर्वसाधारण सभा ठरवते, आधी कारणे दाखवा नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका आर्थिक वर्षात एकूण दंड ५,००० च्या वर जाऊ शकत नाही. कमिटीने परस्पर दहा हजार लिहिलेत ते टिकणार नाहीत. हा मुद्दा उत्तरात शेवटी, सभ्य भाषेत, दोन ओळींत मांडा. भांडण वाढलंच तर सोसायटी आणि सभासद यांच्यातला वाद सहकार न्यायालयात जातो. पण गॅरेजमधल्या सॉसाठी तिथे वर्षं घालवावीत असं मला वाटत नाही.

मखरांच्या ऑर्डरी वाढवायचा विचार असेल तर मात्र घरात नको. यांत्रिक शक्तीवर चालणारी कार्यशाळा नव्याने सुरू करायला महानगरपालिका अधिनियमाखाली आयुक्तांची परवानगी लागते, आणि सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या राहत्या घरात ती मिळेल अशी आशा धरू नका. कटिंग रबाळे किंवा महापे एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात करून घ्या आणि घरी जुळवणी, पॉलिश करा.

विजेचं मीटरही पाहून घ्या. घरगुती मीटरवर धंदा चालतोय असं ठरलं तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत घराच्या काही भागात छोटा व्यवसाय करणाऱ्यांना महिना ३०० आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दराची सवलत दिलेली आहे. तुमच्याकडे एसी असेल तर मे महिन्यातच तीनशेचा आकडा ओलांडत असाल, म्हणून सध्याचा आदेश आणि मागची बारा बिलं समोर ठेवून बघा. तीन हॉर्सपॉवर म्हणजे सव्वादोन किलोवॅटच्या आसपास. मंजूर भारात ते बसत नसेल तर भार वाढवायचा अर्ज करून टाका.

विक्रेता बहुधा नोटिशीनंतर ‘मशीन पाठवा, दुरुस्त करून देतो’ म्हणेल. नाही म्हणू नका, पण नेणाऱ्याकडून सिरियल नंबर आणि दोषाचं वर्णन लिहिलेली सही-शिक्क्याची पोच घ्या, नेण्या-आणण्याचा खर्च त्याचा असं ईमेलवर कबूल करून घ्या आणि परत आल्यावर डायल गेजची तीच चाचणी त्याच्या माणसासमोर करा. पैसे परत घ्यायची वेळ आली तर मागणी पूर्ण १,४०,००० ची ठेवा. तुमचा जुना सॉ त्याने एव्हाना विकलेला असणार, त्यामुळे वजा केलेले १५,००० हे तुम्ही दिलेल्या किमतीचाच भाग आहेत, आणि विक्रेते नेमके तेच विसरतात.