कोकणात गौर म्हणून तेरडाच का आणतात?

कारण भाद्रपदात कोकणात बांधावर, सड्यावर (कातळाच्या पठारावर), वाटेच्या कडेला तोच माजलेला असतो. देशावर मुखवटे नाहीतर खडे पूजतात. रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गात बऱ्याच घरी तेरड्याची जुडी हीच गौर. पाणवठ्यावरून वाजतगाजत आणतात, मग मुखवटा बांधून साडी नेसवतात.

रोप मुळासकट उपटायचं, कापायचं नाही. मुळं म्हणजे गौरीची पावलं, असं मानतात. जुडीत काही ठिकाणी कळलावीची लाल-पिवळी फुलंही घालतात, त्यांना ‘गौरीचे हात’ म्हणतात. दिसायला देखणी, पण झाड विषारी, कंद तर फारच. मुलांना हात लावू देऊ नका.

गौर अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण याच मुक्कामाशी जोडतात. उपटलेला तेरडा तेवढाच टिकतो म्हणा!

रानात मात्र तो चिवट. पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावा, फटकन फुटून साली आत वळतात आणि बिया लांब उडतात. म्हणून दरवर्षी जुड्या उपटूनही पुढच्या पावसात बांध पुन्हा गुलाबी. बागेतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडाही याच जातीचा, पण गौरीला रानातलाच बरा.