जीपीएस यंत्रात मी टाकलेले वेपॉइंट (नोंदवून ठेवलेल्या जागा) कॉम्प्युटरवरच्या मॅपिंग सॉफ्टवेअरमध्ये आणि तिथून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात कसे न्यायचे? थोडेच आहेत, हातानं टाइप केले तर चालेल का?

प्रश्नाचा शेवटचा तुकडा नसता तर मी लिहायला बसलोच नसतो. हातानं टाइप केले तर चालेल का? नाही चालणार. दोनच पॉइंट असले तरी नाही.

सरळ उत्तर आधी उरकतो. यंत्र केबलनं कॉम्प्युटरला जोडा. बहुतेक यंत्रं कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखी दिसतात. आत जीपीएक्स फाइल सापडेल, पॉइंट त्यातच असतात (गार्मिन असेल तर ‘गार्मिन’ फोल्डरच्या आत ‘जीपीएक्स’ फोल्डर). ती कॉपी करून बेसकॅम्प, क्यूजीआयएस, जे मॅपिंग सॉफ्टवेअर वापरत असाल त्यात उघडा. काय ते फेरफार करा, पुन्हा जीपीएक्स म्हणूनच बाहेर काढा आणि दुसऱ्या यंत्रात त्याच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

आता हातानं का नाही ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही सातजण दोन दिवसांच्या ट्रेकला निघालो होतो. वाटेवरचे बावीस पॉइंट मी आदल्या वर्षी स्वतः चालून घेतले होते. फाटे, मुक्कामाची जागा, दोन अवघड टप्पे आणि एक झरा. अख्ख्या वाटेवर पाण्याची तेवढी एकच जागा. भावोजींकडे वेगळ्या कंपनीचं जुनं यंत्र होतं, नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला जोडायचं. मी म्हटलं, "द्या इकडे, जीपीएसबेबलमधून पाठवतो." (एका यंत्राचे पॉइंट दुसऱ्याला समजतील असे करून देणारं सॉफ्टवेअर.) तर म्हणाले, "अरे, बावीस तर पॉइंट! तू आकडे उतरवून दे, मी टाकतो. हातानं टाकलं की एकेक पॉइंट नजरेखालून जातो. तुझ्या त्या फाइलमधून काय गेलं आणि काय राहिलं, कुणाला कळतंय?" ताईनंही मान डोलावली. मी गप्प बसलो.

माझ्या यंत्रावर अंश आणि दशांश मिनिटं दिसायची. झऱ्याच्या अक्षांशाची मिनिटं होती २४.३८५. मी ते जसंच्या तसं कागदावर लिहिलं. भावोजींचं यंत्र अंश, मिनिटं, सेकंद असं मागायचं. त्यांनी टाकलं २४ मिनिटं, ३८.५ सेकंद. आकडे तेच, क्रमही तोच. पण मिनिटाला सेकंद साठ असतात, शंभर नाहीत! ०.३८५ मिनिट म्हणजे २३.१ सेकंद. चूक झाली १५.४ सेकंदांची. अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर साधारण ३१ मीटर भरतो, म्हणजे झरा बसल्या जागी पावणेपाचशे मीटर उत्तरेला सरकला. रेखांशातही हाच घोळ, त्यामुळे थोडा पूर्वेलाही.

खरा कळस पुढे आहे. ज्या पॉइंटांचा दशांश .६००च्या वर होता, तिथे सेकंद साठाच्या पुढे जायला लागले आणि यंत्र घेईना. .८१२चे ८१.२ सेकंद कुठलं यंत्र घेईल? एखादा माणूस इथे थांबून विचार करेल की आपलं काहीतरी चुकतंय. भावोजींनी अशा प्रत्येक ठिकाणी ५९ टाकलं. "यंत्राला तेवढंच झेपत होतं," हे त्यांचं नंतरचं स्पष्टीकरण. आणि हे सगळं नजरेखालून घालून बरं का!

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत वाट मळलेली होती, त्यामुळे यंत्राकडे कुणी फार बघितलंच नाही. संध्याकाळी झऱ्याकडे वळायचं होतं. भावोजी पुढे, यंत्र हातात, नजर बाणावर. बाणानं आम्हाला झुडपांतून ओरबाडत वर नेऊन एका उघड्या कातळावर उभं केलं. यंत्र वाजलं, म्हणजे मुक्कामी पोहोचलात. कातळ कोरडा ठणठणीत. सातजणांत मिळून दीड बाटली पाणी. भावोजी म्हणाले, "झरा आटलाय." मी म्हटलं, "पाणी आटेल हो, पण झाडं कुठे गेली? तिथे तीन मोठी झाडं होती." तासभर शोधाशोध आणि वादावादी. शेवटी मी सॅकच्या तळातून माझं यंत्र काढलं, ते सुरू होऊन सॅटेलाइट पकडेपर्यंत अंधार पडला, आणि टॉर्चच्या उजेडात आम्ही उताराला लागलो. झरा जागेवरच होता आणि चांगला वाहत होता.

तेव्हापासून भावोजींचं पालुपद एकच, त्या दिवशी सिग्नल खराब होता. उघड्या कातळावर, डोक्यावर सगळं आभाळ मोकळं असताना, अर्ध्या किलोमीटरच्या आतबाहेर चुकणारा सिग्नल मी तरी पाहिलेला नाही. मी घरी येऊन बावीसच्या बावीस पॉइंट तपासले. ज्याचा दशांश .०१५ होता तो जेमतेम अठरा-वीस मीटर चुकला होता. दशांश जसा वाढेल तशी चूक वाढत गेलेली, थेट .६००पर्यंत, आणि त्यापुढे ५९च्या कृपेनं पुन्हा कमी होत गेलेली. सिग्नलला दशांश कळत नाहीत.

यातून एक गोष्ट मी शिकलो ती तुमच्या कामाची आहे. पॉइंट चुकलेले दिसले तर कसे चुकलेत ते बघा. सगळे एकाच दिशेला, एकसारख्या अंतरानं सरकले असतील तर डेटमचा घोळ (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या आराखड्यावर मोजलेत ते). जुन्या कागदी नकाशावरून आकडे घेतले किंवा यंत्रात चुकून दुसरा डेटम निवडला गेला की असं होतं. जीपीएक्समध्ये मात्र कायम डब्ल्यूजीएस ८४ हाच डेटम असतो. प्रत्येक पॉइंट वेगळ्या अंतरानं चुकला असेल तर मिनिटं-सेकंदांचा घोळ, म्हणजे भावोजी. आणि पॉइंट थेट भलत्या खंडात किंवा समुद्रात पडले तर अक्षांश-रेखांश उलटे लागलेत. हे सीएसव्हीतून (रकान्यांची साधी मजकूर फाइल) आणताना हमखास होतं, कारण कुठल्या रकान्यात काय आहे ते सॉफ्टवेअरला आपणच सांगतो. केएमएलमध्ये (गूगल अर्थची फाइल) आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात, त्यामुळे तिथून आकडे कॉपी करणारे फसतात.

जीपीएक्स ही साधी एक्सएमएल फाइल आहे, म्हणजे खुणा घालून लिहिलेला, वाचता येणारा मजकूर. २००२ साली हा फॉरमॅट आला आणि आज चालते ती १.१ आवृत्ती २००४ची. नोटपॅडमध्ये उघडून बघा एकदा. प्रत्येक वेपॉइंटची एक ओळ सुरू होते, त्यात अक्षांश-रेखांश दशांश अंशांत असतात, पुढे उंची, नाव, चिन्ह. मिनिटं नाहीत, सेकंद नाहीत, वाद नाही. पडद्यावर तुम्ही काय बघता हा फक्त दाखवण्याचा प्रश्न. भावोजी विचारायचे ना, फाइलमधून काय जातं कुणाला कळतंय? त्यात सगळं लिहिलेलं असतं. वाचायचं असेल तर.

बाकी बारीकसारीक. फाइल बाहेर काढताना वेपॉइंट गेलेत की नुसता ट्रॅक (चाललेल्या वाटेची रेघ) गेलाय ते बघा, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि काही ॲप फक्त ट्रॅक देतात. चिन्हांची नावं प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे तंबू, पाणी, धोका हे सगळं पलीकडे गेल्यावर एकाच छापाचा झेंडा होऊ शकतं. म्हणून काय आहे ते नावातच लिहा. नाव रोमन लिपीत ठेवा, माझ्या यंत्रावर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात. फार जुन्या यंत्रांत नाव सहा अक्षरांत कापलं जातं, तेव्हा वेगळेपणा शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवा. नवी काही यंत्रं मॅकला जोडली तर दिसतच नाहीत, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आणि हो, हे मी पहिल्यांदा सांगायला हवं होतं, काहीही करण्याआधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या दिवशी माझीही चूक होती. कागदावर मी नुसते आकडे लिहिले, ते मिनिटांचे दशांश आहेत असं कुठेही लिहिलं नाही. आणि माझं यंत्र बॅटरी वाचवायची म्हणून सॅकच्या तळाशी होतं. शिवाय हातानं टाकायची वेळ येतेच कधी कधी. कुणी अडकलंय आणि फोनवर जागा सांगतंय, तेव्हा फाइल कुठून आणणार? अशा वेळी दोन्ही यंत्रं आधी एकाच फॉरमॅटवर आणा, शक्यतो दशांश अंशांवर, टिंबानंतर पाच आकडे घ्या (पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर), आणि टाकलेलं पुन्हा मोठ्यानं वाचून समोरच्याकडून हो म्हणवून घ्या. पण घरी निवांत बसलेले असताना, केबल हाताशी असताना टाइप करणं हा आळस आहे. त्याला काळजी म्हणू नका.

तुमची दोन यंत्रं नेमकी कोणती ते लिहिलं नाहीत. मॉडेल सांगितलंत तर फोल्डर आणि केबलचं नेमकं सांगू शकेन.

आणि भावोजी, तुम्ही वाचत असाल तर, तो कागद माझ्याकडे अजून आहे. प्रत्येक पॉइंटासमोर तुम्ही टाकलेले सेकंद आणि खरे सेकंद लिहून ठेवलेत. येतो घेऊन, ताईसमोरच बसून बघू.