न्यू जर्सीत राहून पेन्सिल्वेनियात हरणाची शिकार करता येते का?

हो, येते, तिथलं रहिवासी असायची गरज नाही, फक्त नॉन-रेसिडेंट लायसन्स काढावं लागतं. प्रौढांना ते साधारण १०० डॉलरला पडतं (तिथल्या माणसाला तेच २० च्या आसपास, चालायचंच). त्यात शिंगवाल्या एका नराचा टॅग, म्हणजे एक नर मारायची परवानगी, येते. मादी मारायची असेल तर त्या-त्या विभागाचं वेगळं लायसन्स लागतं आणि त्यांचा कोटा ठरलेला असतो, म्हणून उन्हाळ्यातच घेऊन ठेवा. पहिलंच लायसन्स असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स हवा. न्यू जर्सीत केलेला तिथे चालतो. मी स्वतः इथून तिकडे जातो, कारण न्यू जर्सीत हरणासाठी रायफल चालत नाही. पेन्सिल्वेनियात रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) शनिवारी सुरू होतो. तेव्हा डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी अंगावर पाहिजेच.

एक मात्र नीट बघा: एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर लायसन्स हातात येईपर्यंत बंदुकीला हात लावू नका. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगायला फेडरल कायद्यात बंदी आहे. कोणत्याही राज्याचं चालू शिकार लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, पण लायसन्सची मुदत संपली की त्या लायसन्सवरची सूटही संपली. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही.