हिपॅटायटिस बीचा अहवाल हातात आला, म्हणून राजीनामा देऊ नका

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील एका अन्नप्रक्रिया कारखान्यात मी पॅकिंग विभागात कायम कामगार आहे. वार्षिक वैद्यकीय तपासणीत माझी हिपॅटायटिस बीची चाचणी पॉझिटिव्ह आली. मला कसलाही त्रास नाही. तरीही मला कामावर येऊ नका असे तोंडी सांगण्यात आले असून राजीनाम्यासाठी दबाव आणला जात आहे. विभागातील सर्वांना माझा अहवाल समजला आहे. मी काय करावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : राजीनाम्यावर सही करू नका. एकदा सही झाली की ती दबावाखाली घेतली होती हे सिद्ध करणे फार कठीण जाते. तोंडी आदेशावर घरी बसून राहू नका, कारण उद्या तीच विनापरवाना गैरहजेरी म्हणून दाखवली जाऊ शकते. मी कामावर येण्यास तयार आहे, अमुक तारखेला मला प्रवेशद्वारावर अडवण्यात आले, त्याचे कारण लेखी कळवावे, अशा आशयाचे पत्र आजच द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

यानंतर अहवालाचा अर्थ नीट समजून घ्या. यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूची रक्तचाचणी म्हणजे एचबीएसएजी. ती पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू शरीरात आहे, एवढेच. यकृताची स्थिती कशी आहे किंवा माणूस काम करू शकतो की नाही, हे त्या एका चाचणीवरून ठरत नाही. त्यासाठी एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी चाचणी), एचबीईएजी (विषाणू जोमाने वाढतो आहे का, हे दाखवणारी चाचणी), विषाणूचे रक्तातील प्रमाण आणि सोनोग्राफी पाहावी लागते. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात निदान आणि औषधोपचार मोफत आहेत, म्हणून जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. प्रत्येकाला लगेच गोळ्या लागतातच असे नाही. अनेकांना ठरावीक काळाने तपासणी करत राहणे पुरते. आपला पगार दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि कर्मचारी राज्य विमा योजनेची (ईएसआय) वर्गणी कापली जात असेल, तर सातपूरच्या विमा रुग्णालयाचाही आपल्याला हक्क आहे.

आपल्या बाबतीत खरी अडचण अन्नसुरक्षेच्या नियमांच्या वाचनात असावी, असे मला वाटते. अन्न हाताळणाऱ्या कामगाराची दरवर्षी तपासणी होऊन तो संसर्गजन्य रोगांपासून मुक्त असल्याचे प्रमाणपत्र ठेवावे लागते, आणि ‘संसर्गजन्य’ हा शब्द दिसताच व्यवस्थापन घाबरते. परंतु हिपॅटायटिस बी अन्नातून किंवा पाण्यातून पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुयांमधून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो. दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ ए आणि ई विषाणूंची असते, आणि दोन्हींना आपण कावीळच म्हणत असल्याने हा घोटाळा वारंवार होतो. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नेमके लिहून घ्या : हा कामगार पॅकिंगच्या कामास योग्य आहे, अन्नातून संसर्गाचा धोका नाही, हाताला जखम झाल्यास ती जलरोधक पट्टीने झाकावी.

कायद्याबाबत खोटा दिलासा देणे मला योग्य वाटत नाही. एचआयव्हीबाधितांना नोकरीतील भेदभावापासून संरक्षण देणारा 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. हिपॅटायटिस बीसाठी तसा कायदा नाही. केवळ एचआयव्ही आहे म्हणून, काम करण्याची क्षमता आणि इतरांना असलेला धोका न पाहता नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिला होता. तो सार्वजनिक उपक्रमाविरुद्धचा असल्याने खासगी कारखान्याला जसाच्या तसा लागू होत नाही, पण त्यामागील तर्क आपल्यालाही मांडता येईल. आपण कायम कामगार आहात, त्यामुळे लक्षणे नसताना ‘सततचे आजारपण’ हे कारण पुढे करून काढणे व्यवस्थापनाला सोपे नाही. लेखी उत्तर आले नाही, तर युनियनमार्फत किंवा स्वतः नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार करा. अहवाल सर्वांना कळला, ही बाबही त्या तक्रारीत लिहा. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर 2002 च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार बंधनकारक आहे.

प्रश्न : माझ्या पतींना हिपॅटायटिस बी आहे आणि मी गरोदर आहे. सासूबाईंनी त्यांचे ताट-वाटी वेगळे केले आहे. बाळाचे काय होईल?
— एक वाचक भगिनी, पंचवटी

उत्तर : ताट, पेला, अंथरूण, संडास यांतून हा विषाणू पसरत नाही, तेव्हा त्यांना पंगतीतून उठवू नका. वेगळे ठेवायचे ते दाढीचे पाते, दातांचा ब्रश आणि नेलकटर. वाळलेल्या रक्तातही विषाणू किमान सात दिवस टिकतो. आपण लगेच तपासणी करून घ्या. संसर्ग आणि प्रतिकारशक्ती दोन्ही नसतील, तर गरोदरपणातही लस घेता येते. तिचे तीन डोस साधारणपणे शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. तोवर निरोध वापरा. बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत लस मिळेल, याची खात्री प्रसूतीपूर्वीच करून ठेवा. आपण स्वतः पॉझिटिव्ह निघालात, तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे (तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शनही लागते. दोन्ही दिल्यावर स्तनपानास अडचण नाही. एक नाजूक सूचना : हा संसर्ग अनेकांना जन्माच्या वेळी किंवा बालपणी झालेला असतो, म्हणून सासूबाईंची आणि दीर-नणंदांचीही तपासणी व्हावी. ते दोष शोधण्यासाठी नव्हे, तर वेळेवर उपचार मिळावेत यासाठी, हे त्यांना आपल्या पतींनीच समजावून सांगितलेले बरे.

प्रश्न : मुलाला आखाती देशात नोकरी मिळत आहे, पण तो पॉझिटिव्ह आहे. एजंट ‘अहवाल बदलून देतो’ म्हणतो.
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : एजंटला पैसे देऊ नका. आखाती देशांच्या वैद्यकीय तपासणीत या चाचणीवरून उमेदवार अपात्र ठरवले जातात आणि तेथे पोहोचल्यावर पुन्हा तपासणी होते. त्यात सापडल्यास परत पाठवणी होऊन कर्ज मात्र डोक्यावर राहते. आपले न्यायालय त्या निर्णयात काही करू शकत नाही. मुलाने आधी उपचार केंद्रात नाव नोंदवावे आणि जेथे ही अट नाही अशा ठिकाणी नोकरी शोधावी.