ताजी कोथिंबीर

पत्र कोथरूडहून आलंय. लिहिणारे ४४ वर्षांचे, बायको नोकरी करणारी, मुलगी नववीत, मुलगा सहावीत, सोबत आई. ते लिहितात:

"मावशी, यंदा २४ ते २६ जानेवारी अशी सलग सुट्टी आली. एक्सप्रेस वेवर गाडीत बसून राहण्यापेक्षा घरीच निवांत राहू, असं मी ठरवलं. शनिवारी सकाळी मिसळ मी स्वतः केली. कोथिंबीरसुद्धा डब्यात निवडलेली होती, त्यामुळे काही अडलं नाही. मग हॉलमध्ये सायकल उघडून तिचं सर्व्हिसिंग केलं, संध्याकाळी मुलांबरोबर कॅरम. रविवारी रथसप्तमीचं हळदीकुंकू हिने घरीच उरकलं. सोमवारी झेंडावंदन करून आलो आणि सगळ्यांनी मिळून माळा आवरला. शनिवारी दुपारी ही कोथिंबीर आणते म्हणून गेली ती तीन तासांनी आली, मोबाइलही घरीच. जुडी अगदी ताजी होती, म्हणून मी काही बोललो नाही. तीन दिवस मी पूर्ण घराला दिले. तरी मंगळवारी ऑफिसला निघताना ही चक्क गुणगुणत होती. माझं काय चुकलं?"

अहो, गुणगुणणं ठेवा बाजूला. मी तुमच्या कोथिंबिरीत अडकलेय.

सकाळी डब्यात निवडलेली कोथिंबीर होती, हे तुम्हीच लिहिलंत. मग दुपारी कोथिंबीर कशाला? बरं, जानेवारीत ती शोधत हिंडावं लागत नाही, गाडीगाडीवर ढीग असतात. आणि निघाल्या निघाल्या घेतलेली जुडी तीन तास पिशवीत राहिली असती तर जरा तरी मलूल झाली असती. तुमची आली ताजीतवानी. म्हणजे पावणेतीन तास ती बाई कुठेतरी नुसती होती, आणि परतताना कोपऱ्यावर तिला आठवलं की आपण कशाचं नाव सांगून निघालो होतो.

कुठे होती? मला ठाऊक नाही, आणि तुम्हीही विचारायचं नाही. बागेतल्या बाकावर बसली असेल, नाहीतर उगीच गल्ल्यांतून चालली असेल. मोबाइल मात्र ती विसरलेली नाही. तो तिने ठेवला. तीन तास कुणी "अगं, ते कुठंय?" म्हणू नये म्हणून.

मिसळ केलीत, छान केलंत. मटकीला मोड कुणी आणले? मटकी गुरुवारी रात्री भिजत पडते, शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या घाईत कुणीतरी ती उपसून फडक्यात बांधतं, तेव्हा कुठे शनिवारी तुमच्या कढईला तर्री येते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. तुमची मिसळ त्या ८८ मधली. मटकी २८९ मधली. सायकल उघडून बसलात तेव्हा जुनं फडकं, टूथब्रश, खाली अंथरायला पेपर, मग चहा, यातलं स्वतः उठून काय काय घेतलंत, ते आठवून बघा. हळदीकुंकवाबद्दल मी बोलतच नाही. "उरकलं" म्हणे!

तुम्ही वाईट माणूस नाही. बायकोने कुठे जायचं यावर पहारा ठेवणारेही दिसत नाही. पण तीन दिवस पाचही माणसं घरात, दिवसातून चार वेळा खाणारी, आणि त्याला तुम्ही निवांत म्हणताय. तिच्यासाठी ती जादा पाळी होती. मंगळवारी निदान दुपारचा डबा तरी तिला कुणाला काही न वाढता खाता येणार होता. गुणगुणेल नाही तर काय करेल?

आता एकच करायचं. पुढच्या सलग सुट्टीची वाट बघत बसू नका, येत्या रविवारी सकाळी आठला घरातून बाहेर पडा. आईंना बहिणीकडे पोचवा, पोरांना घेऊन सिंहगड चढा, वर पिठलं-भाकरी खा, मडक्यातलं दही खा, संध्याकाळी सहाच्या आत परत यायचं नाही. मुलीचा क्लास असला तर तो बुडू दे एक दिवस. ऊन लागलं, पाय दुखले, मुलगा कुरकुरला, तरी फोन करायचा नाही. कॅप कुठे आहे हेसुद्धा आदल्या रात्री शोधून ठेवा.

घर तिला एकटीला द्या. आजवर हक्काचं घर असून तिला बसायला बाहेर जावं लागलं, तेही जुडीचं निमित्त करून.

परत आल्यावर "काय केलंस दिवसभर?" हे तोंडातून येता कामा नये. प्रेमानेसुद्धा नको, तिला ते हिशेब मागितल्यासारखंच ऐकू येईल. गाद्या तशाच पसरलेल्या दिसतील, ओट्यावर सकाळचा कप असेल, तो विसळून ठेवा आणि गप्प बसा.

आणि हो, निघताना दारात चपला घालता घालता "तुझ्यापुरतं काहीतरी करून घे हं जेवायला" असं म्हणू नका. तिला चहा-बिस्किटांवर दिवस काढायचा असेल.